आजोबांची ३१५ बोअर: किती दुरुस्त करायची आणि किती तशीच ठेवायची?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बंदुकीवरचे धागे इथे दोन प्रतिसादांत 'शिकार चांगली की वाईट'वर घसरतात, म्हणून ते आधीच उरकून घेतो. शिकार करायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं उरलीसुरली परवान्याची शिकारही संपली. प्रश्न घरातल्या एका जुन्या रायफलीचा आहे, तेवढ्यावरच बोलू.

पणजोबांनी घेतलेली, आजोबांनी पेठ-सुरगाण्याच्या रानात वापरलेली, काकांनी नुसती सांभाळलेली ही रायफल आता रीतसर वारसानं माझ्या परवान्यावर आली आहे. बर्मिंगहॅमच्या बीएसएची (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवणारी कंपनी), ली पद्धतीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून कुलूप लावणारा दांडा), ३१५ बोअर (म्हणजे नळीचं आतलं माप). तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचा बीएसएचा छाप अजून स्पष्ट दिसतो. दस्ता अक्रोडाचा, अर्ध्या नळीपर्यंतच येणारा, पुढच्या टोकाला काळ्या शिंगाची टोपी. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो.

आता दुखणी. निवडणुकीच्या वेळी काकांनी ती जमा केली होती, ती पावसाळा उलटून गेल्यावर परत मिळाली. ज्या बाजूवर पडून होती त्या बाजूला नळीवर तपकिरी खवले धरलेत. दस्ता मनगटापाशी (हातात धरतो त्या बारीक भागाशी) तेल पिऊन काळाकुट्ट झालाय. डाव्या गालाशी एक खोल पोचा आहे. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू मूळचा नाही, कुणीतरी भलताच स्क्रू दामटून बसवलाय आणि तो अर्ध्यात अडकलाय.

विचारायचं असं की हे सगळं नव्यासारखं करून घ्यावं का? आणि दुसरं, परदेशातले लोक जुन्या रायफलींसाठी घरीच काडतुसं भरतात, त्याला हँडलोडिंग म्हणतात, त्याचे व्हिडिओ बघून मी थोडा पेटलोय. आपल्याकडे ते जमतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खारे दाणे

वाचनखूण साठवली. बसलोय.

---

सातपूरचा लेथवाला

एवढं काय त्यात? अंबडला मित्राचं ब्लॅकोडायझिंगचं, म्हणजे लोखंडाला काळा मुलामा द्यायचं शॉप आहे. आधी बफ मारून नळी चकाचक करायची, मग टाकीत सोडायची, अर्ध्या तासात काळीभोर बाहेर. रोज शेकडो नग करतात ते. स्क्रूचं म्हणाल तर ड्रिल मारून काढू, नवा आटा पाडू, मेट्रिक टाकून देऊ. व्यनि करा.

---

कोर्टाची पायरी

लेथवाले, मन मोठं आहे तुमचं, पण थांबा जरा.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ नुसतं 'बनवणे आणि विकणे' एवढ्यापुरतं नाही. दुरुस्ती, बदल, चाचणी, सगळं त्यात येतं आणि त्या प्रत्येकाला परवाना लागतो. परवाना नसलेल्या शॉपमध्ये ही नळी गेली तर धागाकर्ते आणि तुमचे मित्र दोघांचीही सोय लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

बफचं तर नावच काढू नका. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर, नाव किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा वेगळा गुन्हा आहे. मऊ चाकावर शंभर वर्षांचा कोरीव नंबर अर्ध्या मिनिटात पुसट होतो. मग 'पॉलिश करत होतो साहेब' हे तुम्ही सिद्ध करत बसायचं.

अजून एक, जे लोकांना माहीत नसतं. नळीचं तोंड झिजलं की लेथवर थोडं कापून नवं तोंड करून देतो असं सांगणारे भेटतात. नळी आखूड करणं कलम ६ मध्ये येतं. त्यालाही परवाना लागतो, 'एक सूतच कापलंय' हा बचाव नाही.

दुरुस्तीला न्यायची रीतसर वाट आहे. दुरुस्तीचा परवाना असलेला विक्रेता गाठा, तुम्ही स्वतः घेऊन जा किंवा लेखी अधिकारपत्र देऊन पाठवा (कलम ३ मध्ये ती सोय आहे), आणि जमा केल्याची पावती घ्या. पावती नसेल तर रायफल दुकानात ठेवून निघू नका.

---

सातपूरचा लेथवाला

बाप रे. मित्राला फोन करून ठेवला होता, रद्द करतो.

---

दस्ता आणि नळी

आमच्या घरी बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं, परवाना वडिलांच्या नावावर. लहानपण त्या तेलाच्या वासात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कायद्याचं वर आलंच आहे, मी फक्त धातू-लाकडाचं बोलतो.

ब्लॅकोडायझिंग कायदेशीर असतं तरी मी नको म्हटलं असतं. ती कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटची उकळती टाकी असते, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वर. जुन्या इंग्लिश रायफलींवर साइटचे पाय, पट्ट्याच्या कडीचा पट्टा असे भाग मऊ डागानं, म्हणजे कथील-शिशानं बसवलेले असतात. कॉस्टिक तो डाग खातो. साइट लगेच सुटते किंवा डागाच्या फटीत क्षार अडकून राहतात आणि वर्षभरानं तिथून गंज फुटतो. शिवाय रंगही चुकतो. तुमच्या रायफलीचा मूळ रंग टाकीतला नाही, गंजवून केलेला आहे. नळी निर्तेल करायची, द्रावण पुसायचं, दमट जागी ठेवून बारीक गंज येऊ द्यायचा, मग साध्या उकळत्या पाण्यात बुडवायची. लाल गंज काळा होतो. तारेच्या मऊ ब्रशनं भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे थर चढत जाऊन तो मऊ, खोल काळा येतो. आपल्याकडचा श्रावण या कामाला आयता, पण करणारा हात हवा आणि तो हात आता दुर्मीळ आहे.

गंमत अशी की तो मुलामा हाही एक प्रकारचा लोखंडाचा ऑक्साइडच. म्हणून बाजारातलं 'गंज काढणारं' आम्ल लावलं की तपकिरी गंजाबरोबर काळा मुलामाही जातो आणि मागे उरतो पांढरट करडा पट्टा. जुनी रायफल बघायला आलेला माणूस तो पट्टा दारातूनच ओळखतो.

तर गंजासाठी: आधी बोल्ट काढा, चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, नळीतून उजेड बघा. मग पातळ तेल लावून ठेवून द्या. गंजाला तेल पिऊ द्या. नंतर सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल तेलात बुडवून बोटाच्या टोकानं फिरवा. जोर नाही लावायचा, फेऱ्या वाढवायच्या. कापड तपकिरी होत जाईल. ज्या क्षणी कापडावर काळं उतरायला लागेल तिथे थांबा, तो मुलामा आहे. खाली बारीक खड्डे दिसतील, ते राहू द्या. खड्डे घालवायचे म्हणजे आजूबाजूची चांगली नळी त्या पातळीपर्यंत खाली आणायची, आणि मग वरची सगळी अक्षरं गेली.

दस्त्याचं काम मात्र तुम्हाला घरी करता येईल, आणि मजाही त्यातच आहे. मनगटापाशी काळं झालंय ते पिढ्यान्‌पिढ्यांचं मशीन तेल. रायफल उभी ठेवली की बॉडीतलं तेल उतरून लाकडात मुरतं. तेलकट लाकूड मऊ पडतं आणि धक्का नेमका तिथेच बसतो, मग बॉडीच्या शेपटीमागे बारीक उभी चीर जाते. आधी ती चीर आहे का बघा, भिंग घेऊन. नसेल तर खडूची पूड थिनरमध्ये कालवून त्या भागावर थापा, वाळू द्या, झाडा. पूड तेल ओढून पिवळी-तपकिरी होते. पुन्हा थापा. कंटाळा येईपर्यंत करा. (धागाकर्ते, घरच्यांना विचारून, आणि गच्चीवर. वास फार येतो.)

पोच्यासाठी ओला सुती कपडा चौपदरी करून त्यावर ठेवायचा आणि गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवायचं. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर पूर्ण नाही येणार, पण निम्मा भरला तरी पुष्कळ. जाळीच्या नक्षीवर पॉलिश पेपर फिरवू नका, ते टोकदार चौकोन एकदा गेले की गेले.

शेवटी जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं. चार थेंब, तळहातानं चोळायचं, हात गरम लागेपर्यंत. रोज एक पातळ हात. घाई केली तर चिकट थर बसतो आणि धूळ धरतो. आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक उलगडून बाहेर वाळवा.

व्हार्निश किंवा पॉलिएस्टर पॉलिश? सोफ्यावर मारा.

---

गंगापूररोडकर

दस्ता आणि नळी, एवढं मनापासून लिहिल्याबद्दल आभार. नळी आतून काळपट आहे. आजोबा रायफल वापरून आले की बंबातलं उकळतं पाणी नळीत ओतायचे असं आत्या सांगते. मला ते ऐकून धसकाच बसला. पाण्यानं गंज नाही का चढणार?

आणि काकांच्या कपाटात जुन्या काडतुसांचं एक खोकं निघालंय. परवान्यावर नोंद आहे. काहींच्या मानेपाशी, जिथे गोळी बसते तिथे, केसाएवढ्या उभ्या चिरा दिसतात. ही वापरता येतील का?

---

ओझरचा निवृत्त

धातुशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय होता, त्यामुळे दोन्ही प्रश्न मला सोडा.

तुमचे आजोबा बरोबर होते. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. तो क्षार नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) बसतो आणि हवेतला ओलावा ओढतो. तेलात क्षार विरघळत नाही. वरून कितीही तेल ओता, खाली मीठ तसंच, आणि आठवड्याभरात नळी आतून लाल. पाण्यात मात्र तो लगेच विरघळतो. पाणी उकळतं अशासाठी की नळी तापते आणि ओतून झाल्यावर स्वतःच्याच उष्णतेनं झटक्यात वाळते. मग कोरडी चिंधी, मग तेल. ज्या घरात बंब पेटलेला असायचा तिथल्या रायफली आतून टिकल्या.

आता चिरा. हा प्रकार प्रसिद्ध आहे आणि त्याचं बारसं आपल्याच देशात झालंय. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात हालचाल कमी झाली की दारूगोळा तबेल्यांत ठेवायच्या. पावसाळा सरल्यावर खोकी उघडली तर पितळी पुंगळ्यांना चिरा, आणि त्याही नेमक्या गोळीवर पितळ आवळलेलं असतं तिथे. ऋतूवरून त्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारण नीट उलगडलं १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळ घडवताना आत राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमांवरून फाटतं. नुसत्या अमोनियानं होत नाही, नुसत्या ताणानंही नाही. म्हणूनच काडतुसाची मान मंद तापवून तिचा ताण उतरवतात. नव्या पुंगळ्यांच्या मानेवर कधी निळसर-तपकिरी झाक दिसते ती त्याचीच.

तुमच्या कपाटात घोडा नव्हता हे मान्य, पण फिनेल-अमोनियाची बाटली शेजारी होती का ते बघा. काहीही असो, चिरलेलं काडतूस वापरायचं नाही. मान फाटली तर गरम वायू मागे येतो, बोल्टच्या दिशेनं, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या दिशेनं.

---

कोर्टाची पायरी

आणि ती घरी उघडून 'बघूया आत काय आहे' हेही करायचं नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. हिशेबात जेवढी लिहिलीत तेवढी दिसली पाहिजेत.

---

अनवट

अवांतर: नाशिक आणि पिस्तूल-बंदूक म्हटलं की २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर आणि अनंत कान्हेरे हेच आठवतं. कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग…

---

खारे दाणे

अनवट, वेगळा धागा काढा, तिथेही येतो. इथे मला एक शंका. जिम कॉर्बेटची रायफल हीच का?

---

दस्ता आणि नळी

नाही. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल रिग्बीची, .२७५ बोअरची, आणि मॉउझर बोल्टची. फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढे हँडलोडिंगचा प्रश्न आहेच.

मॉउझर ९८ मध्ये बोल्टला कुलूप लावणारे कान पुढे, काडतुसाच्या अगदी मागे असतात. धक्का तिथल्या तिथे अडतो. ली बोल्टचे कान मागच्या बाजूला. म्हणजे धक्का आख्ख्या बोल्टमधून मागे जातो आणि बोल्ट-बॉडी अगदी किंचित ताणते. याचा फायदा असा की ली बोल्ट लोण्यासारखा पळतो. तोटा असा की पुंगळीही त्याबरोबर ताणली जाते.

३१५ हा बोअर तर खास आपल्या देशाचाच म्हणावा असा. सरकारी .३०३ खाजगी हातात नको म्हणून इथल्या शिकाऱ्यांसाठी कारखानदारांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेच्या ८ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसाची वाट धरली. बीएसएनं त्यात बनवली, पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं ली बोल्टवरच ३१५ काढली ती आजतागायत. आज जगात इतरत्र कुणाला ३१५ म्हणजे काय ते चटकन कळणार नाही, इथे मात्र तालुक्याच्या गावच्या म्हाताऱ्यालाही कळतं.

---

परदेशी नाशिककर

कॉलेज रोडवर वाढलो, आता बरीच वर्षं ओहायोत. इथे हँडलोडिंग कायदेशीर आहे आणि मी माझ्या .३०३ लीसाठी ते करतो. धागाकर्ते पेटलेत म्हणून सांगतो की व्हिडिओत दिसत नाही ते काय असतं.

लोक हे का करतात, तर जुन्या बोअरची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. किनॉक या ब्रिटिश काडतूस कंपनीनं मोठ्या शिकारी बोअरची काडतुसं १९६० च्या दशकात बंद केली, तेव्हा अनेक उत्तम रायफली एका फटक्यात मुक्या झाल्या. मग लोक दुसऱ्याच काडतुसाची पुंगळी घेऊन तिला घडवतात. तुमच्या ३१५ च्या मूळ मॅनलिकर काडतुसासाठी इथले लोक रशियन ७.६२ × ५४ ची काठवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) पुंगळी वापरतात.

माझा बहुतेक वेळ भरण्यात जात नाही, तपासण्यात जातो. वर मागच्या कानांचं आलं ना, त्याचा परिणाम असा: ली रायफलीतून वापरलेली पुंगळी काठाच्या जरा वर आतून पातळ होत जाते. बाहेरून फक्त एक चमकदार वळं दिसतं, कधी तेही नाही. म्हणून बारीक तारेचं टोक वाकवून ते आत घालायचं आणि भिंतीवरून ओढायचं. चर असेल तर टोक तिथे अडकतं, बोटाला 'टक्' लागतं. अशी पुंगळी चेपून कचऱ्यात. पुढच्या वेळी तिचं बूड सुटून पुढचा भाग चेंबरमध्ये अडकला असता. म्हणूनच अख्खी पुंगळी साच्यात न दाबता फक्त मान मापात आणतात, तेवढाच ताण कमी.

दुसरी भानगड प्राइमरची. जुन्या ब्रिटिश आणि भारतीय पुंगळ्यांत बर्डन प्राइमर असतो. बुडाला मधोमध एक भोक नसून कडेला दोन बारीक भोकं असतात. नेहमीच्या यंत्राची सुई मधे घुसवली की सुई मोडते. यातला विनोद असा की बर्डन अमेरिकन माणूस आणि बॉक्सर इंग्रज. अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत उचलली आणि इंग्रजांनी अमेरिकनाची.

दारूचे आकडे मी इथे लिहिणार नाही, कुणी लिहिले तर विश्वासही ठेवू नका. ते छापील कोष्टकातून, खालच्या टोकापासून आणि त्या विशिष्ट रायफलीची तब्येत बघून ठरतात. जुन्या कॉर्डाइटच्या हिशेबानं आजची दारू भरता येत नाही. कॉर्डाइट म्हणजे शेवयांसारख्या काड्या असायच्या, त्या सरळ पुंगळीत उभ्या ठेवून मग पुंगळीची मान आवळायचे. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं, ते इतकं तापायचं की नळीचा चेंबरकडचा भाग खाऊन जायचं. मग सुधारित कॉर्डाइटमध्ये ते ३० टक्क्यांवर आणलं. भारतातल्या उन्हाळ्यात दाब वाढतो म्हणून मोठ्या रायफलींसाठी कमी भरलेली वेगळी 'ट्रॉपिकल' काडतुसं यायची. हे सगळं ज्यांनी केलं त्यांच्याकडे दाब मोजायची यंत्रं होती. माझ्याकडे गॅरेज आहे.

---

कोर्टाची पायरी

उत्तम लिहिलंत. आता यातलं नाशिकमध्ये काय चालतं याचं उत्तर एका ओळीत: काहीच नाही.

कायद्यातली 'दारूगोळा'ची व्याख्या बघा, कलम २. त्यात तयार काडतूस तर आहेच, पण दारूचा भार, काडतुसाचे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा आहे. म्हणजे परदेशातून भाच्यानं बॅगेत आणलेला तो छोटा दाबयंत्राचा स्टँडही कायद्याच्या नजरेत दारूगोळाच ठरू शकतो. भरणं म्हणजे बनवणं, बनवणं म्हणजे कलम ५, शिक्षा वर सांगितली आहे. दारू साठवलीत तर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम वेगळेच.

तुमच्या वैयक्तिक परवान्यात विकत घेतलेली काडतुसं ठरावीक संख्येत बाळगण्याची मुभा आहे, बनवण्याची नाही. ३१५ ची सरकारी काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडे मिळतात. ती घ्या, प्रत्येक वेळी परवान्यावर नोंद करून घ्या.

वारसाबद्दल इतरांसाठी: २०१६ च्या शस्त्र नियमांत धारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण धारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे ते शस्त्र २५ वर्षं असलं तरी हयातीतच वारसाच्या नावावर करून देता येतं. घरात म्हातारं माणूस आणि जुनी बंदूक दोन्ही असतील तर हे आत्ताच करा. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते आणि ती घेणं नंतर फार अवघड होतं, हे मी रोज बघतो. २०१९ नंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, वारसाची धरून. शहर हद्दीत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणमध्ये असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे.

---

निफाडची द्राक्षं

आमच्याकडे उसात बिबट्या रोजचा झालाय. गावातले परवानावाले म्हणतात, बंदूक कशाला मग?

---

कोर्टाची पायरी

बिबट्या दिसला की वनखात्याला फोन. पिंजरा लावायचा की बेशुद्ध करायचं हे तेच ठरवणार. प्रत्यक्ष अंगावर आला आणि जीव वाचवताना मेला तर कायदा ते समजून घेतो, पण 'दिसला म्हणून' गोळी घातली तर नाही.

---

दस्ता आणि नळी

दुकानात नेलीत की या गोष्टी आवर्जून बघायला सांगा. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती जागा राहते ते गेजनं मोजायचं. नुसतं रिकामं काडतूस घालून 'बसतंय की' म्हणणाऱ्याकडून रायफल परत घ्या. ३१५ ला काठ असतो, त्यामुळे हे माप काठाच्या जाडीवरून ठरतं. बोल्टच्या दोन्ही बाजूंवर भार सारखा येतो का, हे काजळी लावून कळतं. नळीतून मऊ शिशाची गोळी हातानं ढकलून बाहेर काढायची आणि मायक्रोमीटरनं मोजायची, म्हणजे आटे किती झिजलेत ते समजतं. नळीच्या तोंडाशी आट्यांचे कंगोरे शाबूत आहेत का तेही.

आणि नळीच्या मुळाशी, दस्ता काढल्यावर, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्या तपासून पास करणाऱ्या संस्थेचे शिक्के दिसतील. १८१३ पासूनची संस्था आहे ती. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं असतील तर १९०४ नंतरचे. एनपी म्हणजे धूरविरहित दारूसाठी तपासलेली. शेजारी बहुधा किती कॉर्डाइट आणि किती ग्रेनची गोळी हेही कोरलेलं असतं. ती त्या नळीची जन्मपत्रिका. फोटो काढून ठेवा, घासू नका.

ठेवताना चामड्याच्या खोळीत ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. कमावलेलं चामडं ओलावा धरतं आणि त्यातले क्षार नळीला लागतात. खोळ वेगळी जपा. रायफल कुलपाच्या कपाटात, तोंड खाली करून उभी, म्हणजे तेल दस्त्यात न उतरता तोंडाकडे येतं. खाली फडकं ठेवा.

---

गंगापूररोडकर

ताजा समाचार. दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात रायफल दिली, पावती घेतली, चिरलेली काडतुसं जमा केली.

गेजमध्ये पास. शिशाच्या गोळीचं माप दुकानदार काकांच्या मते वयाच्या मानानं उत्तम. चेंबरकडचा भाग थोडा खाल्लेला आहे, तोंड शाबूत. बीव्ही-बीपी-एनपी तिन्ही शिक्के सापडले, फोटो संग्रही. खवले त्यांनी तेल-स्टील वूलनं माझ्यासमोरच उतरवले, खाली मुलामा बऱ्यापैकी आहे. नवा मुलामा करायचा नाही असं ठरवलं. काका म्हणाले, केला असता तर पैसे घेतले असते आणि मनातून शिव्या दिल्या असत्या.

दस्ता घरी आणलाय, खडूची पूड चालू आहे. बायकोनं गच्चीच्या दाराला आतून कडी लावली.

अडलंय ते स्क्रूवर. तो दामटलेला स्क्रू सहज निघाला, पण मूळचा स्क्रू कुठे मिळणार? आतले आटे पहिले दोनच मोडलेत, पुढचे चांगले आहेत.

---

सातपूरचा लेथवाला

आता माझ्या गल्लीत आलात! दुकानदारांना सांगा, मेट्रिक टॅप अजिबात मारू नका. मेट्रिक आट्याचा कोन ६०, जुन्या इंग्रजीचा ५५ अंश. दोन-तीन फेऱ्या बसतो, मग धरतो. कुणीतरी तसाच बसवला म्हणून तर अर्ध्यात अडकला.

---

दस्ता आणि नळी

अगदी बरोबर. आणि त्यातही ली रायफलींचे काही आटे साध्या इंग्रजी कोष्टकात सापडत नाहीत, एनफिल्डच्या कारखान्याचे स्वतःचे होते. म्हणून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजूनच बनवावा लागेल. गार्डचा मागचा स्क्रू मूळचा असेल तर डोक्याचा आकार आणि खाचेची रुंदी त्यावरून घ्या. खाच अरुंद असते, आजच्या पेचकसाचं पातं त्यात बसत नाही, म्हणून पातं घासून खाचेच्या मापाचं करायचं. नाहीतर नव्या स्क्रूचं डोकंही पहिल्याच दिवशी सोलाल.

---

सातपूरचा लेथवाला

वकीलसाहेब, स्क्रू तरी मी बनवू शकतो का, की त्यालाही जन्मठेप?

---

कोर्टाची पायरी

बंदुकीचे भाग हेही कायद्यात बंदुकीतच मोजतात. किरकोळ भागांना सूट आहे, पण ते खऱ्या बंदुकीला बसवायचे नसतील तरच, आणि हा तर बसवायचाच आहे. तेव्हा काम परवानाधारक दुकानदाराच्या दुकानात, त्याच्या हातून, त्याच्या वहीत नोंद होऊन होऊ द्या. तुम्ही मापं आणि अक्कल पुरवा, त्याला कायद्याची बंदी नाही.

---

सातपूरचा लेथवाला

चालेल. गंगापूररोडकर, दुकानाचा पत्ता व्यनि करा. माझ्याकडे ५५ अंशाचं पिच गेज आहे, सगळी पाती शाबूत. दुकानदारांकडे छोटं लेथ असेल तर तिथेच उभं राहून सांगतो. शनिवारी आमच्याकडे सुट्टी असते, दहाच्या सुमारास येतो.